तंबूतल्या तीन रात्री

"आई, तंबूत राहशील का?" असं चिरंजीवांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करतोय. वय चौऱ्याहत्तर. उजवा गुडघा केव्हा रुसेल याचा नेम नाही. शिवाय रात्री दोनदा तरी उठावं लागतं (माझ्या वयाच्या मंडळींना जास्त सांगायला नको). पण त्याने जागा फेब्रुवारीतच राखून ठेवली होती. माझं येणं ठरलं त्याच दिवशी. यलोस्टोन नॅशनल पार्क, मॅडिसन कॅम्पग्राउंड, तीन रात्री. धाकट्या वन्संना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वहिनी, अस्वलं असतात म्हणे तिथे! हॉटेलं नाहीत का त्या अमेरिकेत?"

हॉटेलं आहेत. पण मला जायचं होतं, आणि त्याला एक जुनं कारण आहे. मी खरी मराठीची बाई. आमच्या शाळेतले भूगोलाचे सर निवृत्त झाले आणि तो विषय माझ्या गळ्यात पडला तो शेवटपर्यंत. गायझरचा धडा मी किती वेळा शिकवला असेन! जमिनीतून उकळत्या पाण्याचा फवारा उडतो, तो कसा, फळ्यावर आकृती काढून. दरवर्षी एखादा तरी पोरगा विचारायचाच, "बाई, तुम्ही बघितलात?" मी सांगायची, "नाही रे. पण आपल्या तुरळचं गरम पाणी बघितलंय ना? तेच, फक्त जोरात." देवरुखच्या मुलांना तेवढं पुरायचं. मला मात्र आपण न बघितलेलं शिकवतोय याची थोडी लाज वाटायची.

असो. ३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार. पुढे सोमवारी त्यांची लेबर डेची सुट्टी, आणि वर लेकाने चार दिवसांची रजा काढलेली. सूनबाईंना रजा मिळाली नाही, म्हणून मी, लेक आणि बारा वर्षांची नात असे तिघंच निघालो. पहाटे पाचला फ्रीमाँट सोडलं. पार्कपर्यंतचं अंतर सोळाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून दिल्लीला मोटारीने जावं त्याहूनही जास्त. मागच्या सीटवर नात, तिच्या भोवती उशा, गोधड्या, स्टोव्ह, तंबू. माझ्या पायाशी दशम्या, मेतकूट, लसणीची चटणी आणि चहाचा थर्मास. नातीने कानात बोंडं घातली ती सिएरा नेवाडाचा डोंगर चढून उतरेपर्यंत काढली नाहीत.

रेनो शहर मागे पडलं की नेवाडाचं वाळवंट सुरू होतं. वाळवंट म्हटल्यावर मला वाळूच्या टेकड्या दिसायच्या. हे तसं नाही. उघडे डोंगर, मधे सपाट मैदान, त्यात करड्या रंगाची खुरटी झुडपं. मग परत डोंगर. तास तास चित्र बदलत नाही. रस्त्याच्या बाजूने एक नदी मात्र बराच वेळ सोबत असते, हम्बोल्ट तिचं नाव. आमच्या कऱ्ह्यापेक्षा... नाही, आमच्या ओढ्यापेक्षा थोडी मोठी म्हणा. पण गंमत बघा, ही नदी समुद्राला मिळतच नाही. पाचशे किलोमीटर वाहते आणि वाळवंटातल्या एका खोलगट भागात जिरून जाते. जॉन फ्रीमाँट नावाच्या ज्या माणसाने तिला हम्बोल्ट हे नाव दिलं, त्याच्याच नावाचं माझ्या लेकाचं गाव. भूगोलाच्या बाईला याहून काय हवं? मी उत्साहाने मागे वळून नातीला सांगायला लागले तर ती तोंड उघडं टाकून झोपलेली. लेक हसला. म्हणाला, "मला सांग, मी ऐकतोय." मग त्यालाच सगळं सांगितलं.

मी थांबले आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "आई, बाबांच्या वेळी तू मला येऊ नको म्हणालीस."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. नातेवाइकांना माहीत आहे, बाकीच्यांना नसेल. हे मे २०२१ मध्ये गेले, करोनात. रत्नागिरीला अकरा दिवस दवाखान्यात होते. त्याच आठवड्यात, ४ मेपासून, अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली होती. लेक तिथे कामाच्या व्हिसावर. तो इकडे आला असता तर परत जाणं कधी होईल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. नोकरी, घराचे हप्ते, नात तेव्हा नऊ वर्षांची. ह्यांची तब्येत बिघडल्यावर त्याने फोन केला, "निघू का?" मी म्हटलं, "येऊ नकोस. येऊन तरी काय करणार? भेटूही देत नाहीत." ते खरंच होतं. मलाही काचेतूनच बघू दिलं होतं, तेही एकदाच. पुढचं सगळं पुतण्याने केलं. लेकाने दहावा, तेरावा फोनवर बघितला. नंतर तो डिसेंबर २०२२ मध्ये आठ दिवस येऊन गेला, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं. त्या विषयावर आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो.

तर मी म्हटलं, "तेव्हा परिस्थितीच तशी होती रे."

"ते नाही म्हणत. तू येऊ नको म्हणालीस ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं." हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. "फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं असेल, तर बरं झालं, आता मला ठरवावं लागणार नाही. बाबांचा विचार त्यानंतर आला. हे मी हिलाही सांगितलेलं नाही."

समोरून ट्रकांची रांग येत होती. मी म्हटलं, "पुढच्या पंपावर थांब, पाय मोकळे करू."

वर्गात कोणी खरं बोललं की मी शाबासकी द्यायची. चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा नाही, हा माझा नियम होता. इथे मात्र तोंडातून एक शब्द निघाला नाही. घरी समोरासमोर बसून हे त्याला बोलता आलं नसतं, हे मला कळत होतं. मोटारीत दोघंही पुढे बघत असतात, कोणाचा चेहरा कोणाला दिसत नाही. पण कळत असूनही मला राग आला, आणि तो एल्कोच्या मोटेलमध्ये रात्रभर टिकला. नात शेजारी हातपाय पसरून झोपली होती. मी छताकडे बघत पडले.

कारण माझंही एक होतं. मी 'येऊ नकोस' म्हटलं ते मनापासून म्हटलं होतं. आणि फोन ठेवला त्या मिनिटापासून मी त्याची वाट बघायला लागले होते. दाराशी गाडी थांबली की कान तिकडे. मागच्या आळीतला एक मुलगा वडिलांसाठी दुबईहून आला, तो इकडे अडकला आणि त्याची तिकडची नोकरी गेली. हे मला माहीत होतं. तरी तो आला आणि आपला नाही, हा हिशोब मी मनात मांडून ठेवलाच. असा हिशोब आईने मांडू नये म्हणतात. मी मांडला होता.

दुसऱ्या दिवसाचा प्रवास थोडक्यात सांगते. वेल्सला डावीकडे वळून उत्तरेला, मग आयडाहो राज्य. ट्विन फॉल्सला स्नेक नदीची खोल घळ आणि तिच्यावरचा जवळजवळ पाचशे फूट उंच पूल बघितला. पुढे बटाट्याची शेतं, बटाट्याची शेतं आणि बटाट्याची शेतं. लेक आणि मी अगदी नीट बोलत होतो. पेट्रोल किती, चहा हवा का, उजवीकडे बघ. नात मधूनच दोघांकडे बघायची. मुलांना कळतं.

दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या दारातून आत शिरलो आणि लगेच गाड्यांची रांग थांबलेली. मला वाटलं अपघात. बघते तर एक बायसन मधल्या पट्ट्यावरून आरामात चाललेला. आपल्या गव्याचा भाऊबंद, पण डोक्यापासून खांद्यापर्यंत दाट लोकर आणि मागचा भाग लहान, जणू दोन वेगळ्या जनावरांचे अर्धे भाग जोडलेत. त्याच्यापासून २५ यार्ड आणि अस्वल, लांडग्यांपासून १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे. हा आमच्या खिडकीपासून चार हातांवरून गेला. नियम त्याला कोण सांगणार?

कॅम्पग्राउंड म्हणजे पाइनच्या झाडांमधल्या अडीचशेच्या वर जागा. प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल आणि तंबूपुरती सपाट जमीन. स्वच्छतागृह आहे, पाण्याचे नळ आहेत, आंघोळीची सोय नाही. लेकाने आणि नातीने तंबू उभा केला. मी घडीच्या खुर्चीत बसून सूचना केल्या, त्या कोणी ऐकल्या नाहीत. मग अस्वलांचा नियम आला. ज्याला म्हणून वास आहे ते सगळं मोटारीत किंवा लोखंडी पेटीत बंद करायचं, तंबूत काही ठेवायचं नाही. खाणंच नव्हे, साबण, टूथपेस्टसुद्धा. लेकाने माझी पिशवी तपासली आणि चटणी, मेतकूट, केसाचं तेल आणि गुडघ्याला लावायचं तेल, सगळं जप्त केलं. "अरे, गुडघ्याचं तेल अस्वल खाणार आहे का?" तर नात म्हणते, "आजी, त्याचाही गुडघा दुखत असेल." दोन दिवसांत पहिल्यांदा तिघंही एकदम हसलो.

जेवायला पिठलं-भात करायचं ठरलं. पिठलं झालं, भात होईना. मग डोक्यात प्रकाश पडला. ही जागा ६८०० फुटांवर. तिथे पाणी ९३ अंशांनाच उकळतं. उकळ्या फुटताहेत, वाफ येतेय, पण पाणी पुरेसं गरम नाही, म्हणून तांदूळ शिजायला वेळ. हेही मी शिकवलं होतं, आणि कुकर घ्यायला विसरले होते! आठ वाजता कच्चट भात आणि पिठलं खाल्लं. थंडी अशी की ताटातलं बघता बघता गार.

आणि मग ज्याची भीती होती ते. रात्री पावणेदोनला जाग आली. लेकाने बजावलं होतं, मला उठव, एकटी जाऊ नकोस. पण रुसलेल्या माणसाला रुसलेल्या माणसाला उठवणं किती जड जातं! जमिनीवरच्या गादीवरून आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग हातावर जोर देऊन मी कशीबशी उठले. तंबूची चेन हळूच ओढली, तर तिचा आवाज एवढा की अर्धं रान जागं व्हावं. "थांब," असं म्हणत तो उठलाच. त्याने मला बूट घातले. हो, घातले. मला वाकता येत नव्हतं. शाल, माकडटोपी, बॅटरी, आणि त्याच्या दंडाला धरून मी. दीडदोनशे पावलं असतील.

परत येताना त्याने बॅटरी बंद केली आणि म्हणाला, "वर बघ." आकाशगंगा मी लहानपणी अंगणातून बघायची, तेव्हा गावात वीज नव्हती. त्यानंतर आज. तेवढ्यात नदीच्या बाजूने एक आवाज आला, शिट्टीसारखा, चढत चढत गेलेला आणि शेवटी तुटलेला. मी त्याचा दंड गच्च धरला. म्हणाला, "एल्क आहे. मोठं हरीण. या दिवसांत नर असे ओरडतात."

तिथेच उभी राहून मी म्हटलं, "मी तुझ्यावर तीन वर्षं रागावले होते. मीच येऊ नको म्हटलं, आणि तू आला नाहीस म्हणून रागावले."

"माहीत होतं."

"कसं?"

"तू फोनवर भांडायची बंद झालीस."

हे मात्र अगदी खरं. पूर्वी दर रविवारी मी त्याला काही ना काही बोलायचीच. जेवत नाहीस, नातीशी मराठी बोलत नाहीस, बाबांना फोन करत नाहीस. नंतर मी त्याच्याशी फार गोड बोलायला लागले होते.

"आणि काल गाडीत सांगितलंस तेव्हाही राग आला," मी म्हटलं. "थोडा अजून आहे."

"असू दे," तो म्हणाला. "चल, गारठशील."

तंबूत येऊन पडले. झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ओल्ड फेथफुल. बाहेर पाटीवर पुढच्या फवाऱ्याची वेळ लिहिलेली, दहा मिनिटं अलीकडे-पलीकडे. साधारण दीड तासाने तो उडतो. आधीचा फवारा थोडा वेळ टिकला तर पुढचा लवकर, जास्त टिकला तर उशिरा, अशा हिशोबाने ते वेळ सांगतात. ह्यांना फार आवडलं असतं. पोस्टात नोकरी, पण छंद एसटीच्या वेळापत्रकांचा. स्टँडवरच्या नव्या पाट्या वहीत उतरवून आणायचे. लेकालाही तेच आठवलं असणार, कारण तो घड्याळ लावून बसला आणि म्हणाला, "चार मिनिटं लेट. बाबांनी लिहून ठेवलं असतं."

फवारा उडाला तेव्हा काय वाटलं? आधी थोडं फुसफुसलं, लोक "आता, आता" करायला लागले, परत शांत. असं दोनतीनदा. आणि मग तो पांढरा खांब वर गेला. शंभर ते एकशेऐंशी फूट जातो म्हणतात. मला फळ्यावरची माझी आकृती आठवली. मी पाणी नेहमी निळ्या खडूने काढायची. ते पांढरंशुभ्र असतं, नुसती वाफ आणि पाणी, आणि गंधकाचा वास, तुरळसारखाच. दुरुस्ती आता कोणाला सांगू? माझे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी वहीत करून घ्यावी. जगातले अर्ध्याहून जास्त गायझर या एका पार्कात आहेत, हेही लिहा.

फिरताना एक गोष्ट सारखी दिसत होती. डोंगरच्या डोंगर एकाच उंचीच्या तरुण पाइन झाडांचे, आणि त्यांच्यात पडलेले जुने करडे ओंडके. १९८८ च्या उन्हाळ्यात इथे वणवा लागला आणि पार्कचा ३६ टक्के भाग त्याच्या तडाख्यात सापडला. हजारो माणसं विझवत होती. शेवटी ११ सप्टेंबरला पाऊस आणि बर्फ पडलं तेव्हा कुठे आग आवरली. लॉजपोल पाइनची काही बोंडं राळेने घट्ट मिटलेली असतात, ती आगीच्या धगीनेच उघडतात. म्हणून सगळी झाडं एका वयाची. छत्तीस वर्षांची. लेकाहून दहा वर्षांनी लहान.

तिसऱ्या दिवशी दमले होते, म्हणून लांब गेलो नाही. कॅम्पजवळच फायरहोल आणि गिबन या दोन नद्या मिळतात आणि पुढे त्यांना मॅडिसन म्हणतात. आमच्या संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी मिळतात तशाच. १८७० मध्ये एका तुकडीने याच संगमावर शेकोटीभोवती बसून हा प्रदेश सगळ्यांसाठी राखून ठेवावा असं ठरवलं आणि त्यातून १८७२ मध्ये जगातलं पहिलं नॅशनल पार्क झालं, अशी गोष्ट इथे वर्षानुवर्षं सांगत. पुढे इतिहासकारांनी कागद तपासले आणि ती तशी घडल्याबद्दल शंका घेतली. मला ती शंकेसकट आवडली. नातीला सांगितली, या वेळी तिने कानातली बोंडं काढून ऐकली आणि विचारलं, "मग खोटी गोष्ट पाटीवर का लिहायची?" आम्ही त्यावर तासभर वाद घातला.

लेक पाण्यात पाय सोडून बसला होता. मधेच म्हणाला, "तुरळचं ते कुंड अजून आहे ना? बाबा मला न्यायचे." मी म्हटलं, "आहे की. ये, जाऊ."

मंगळवारी सकाळी निघायची घाई. तंबू पिशवीतून निघाला तेव्हा एवढासा होता, आता काही केल्या आत जाईना. लेक कोंबतोय, नात वर बसतेय. शेवटी मी म्हटलं, "सरका." शाळेत स्नेहसंमेलन झालं की सतरंज्यांच्या घड्या आम्ही बाया घालायचो. लेकाला दोन टोकं दिली, दोन मी धरली. ताण, झटक, जोड, चालत ये, टोकं माझ्या हातात दे, परत खाली वाक आणि घडी उचल. "वाकायचं काम तुझं," मी सांगितलं. असं चार वेळा केलं. दव पडलं होतं, कापड ओलं, हात गारठलेले.

तरी शेवटी एक कोपरा बाहेर राहिलाच. तसाच गाडीत टाकला. फोटो नातीने काढलेत, वन्संना वेगळे पाठवते. त्यात बायसन आहे, अस्वल नाही.